घरातली पाने, काळी आणि पांढरी



वसंत व्याख्यानमालेचे व्यासपीठ हे मोठ्या विषयांचे व्यासपीठ आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली तेव्हापासून समाजसुधारणा, अर्थकारण, इतिहास, संतवाङ्मय असे भारदस्त विषय ह्या मालांतून मांडले जात आले. अशा ठिकाणी कुंडीतल्या झाडाच्या पानाचा कृष्णधवल फोटो घरच्या घरी कसा काढावा हा विषय घेऊन आम्ही उभे आहोत. आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी राज्यघटनेचा ऊहापोह केला आणि उद्याचे वक्ते ज्ञानेश्वरीवर बोलणार आहेत. मध्ये एक दिवस मनीप्लँटला मिळाला, ह्याबद्दल चिटणीसांचे आभार मानलेच पाहिजेत.

आम्ही म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. पालघर, बोईसर आणि तारापूर ह्या टापूत राहणारी, नोकरीधंदा सांभाळून फोटोग्राफीचा नाद जोपासणारी पाचसहा माणसे. आमच्यात एक शाळामास्तर आहेत, एक कारखान्यात पाळीवर जाणारे आहेत, दोघी गृहिणी आहेत आणि एक सेवानिवृत्त गृहस्थ. एकाकडे फिल्मचा जुना कॅमेरा आहे, दोघांकडे डिजिटल, बाकीच्यांचे सारे काम मोबाईलवर चालते. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, काढलेली चित्रे जमिनीवर मांडायची आणि चहा होईपर्यंत त्यांवर भांडायचे, एवढीच आमची घटना. आम्ही आज जे सांगणार ते ह्या भांडणांतूनच निघालेले आहे.

कोणी विचारील की ह्या भागात पानांना काय तोटा? केळवे-माहीमकडे पानवेलीच्या वाड्या आहेत, डहाणू-घोलवडला चिकूच्या बागा आहेत, वर जव्हार-मोखाड्याला सागाचे रान आहे. हे सोडून खिडकीतल्या कुंडीच्या मागे कशाला लागायचे? उत्तर साधे आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला माणूस दुपारी दोनला उठतो. त्याला जव्हारचे रान गाठायला सवड कुठली? १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, देशातले पहिले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि चहूमुलखांची माणसे येथे आली. दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत मातीशी जो काही संबंध उरतो तो ग्रिलमध्ये ठेवलेल्या तीनचार कुंड्यांपुरता. मनीप्लँटचे एक कांडे शेजारणीने दिलेले असते, पानफुटीचे पान गावाहून येताना पिशवीत आलेले असते, तुळस तर असतेच. घरमालक बदलतो, कुंड्या बरोबर जातात. घरातल्या माणसांचे फोटो आपण काढतो, मग ह्यांचे का नको?

आता कृष्णधवलच का? रंगाचे आम्हांला वावडे नाही. क्रोटनचे पान रंगातच पाहावे असे आमच्यातल्या एका बाईंचे ठाम मत आहे आणि ते खोडून काढणे आम्हांला जमलेले नाही. पण बहुतेक पानांच्या बाबतीत असे होते की डोळा 'हिरवे' एवढे म्हणून मोकळा होतो आणि पुढे पाहतच नाही. तो हिरवा काढून घेतला म्हणजे मग शिरा दिसू लागतात, कडेची नागमोड दिसते, पान जाड आहे की पातळ, गुळगुळीत की लवदार, हे कळते. ज्या जिल्ह्यात वारली चित्रकला जन्मली तेथे हे पटवायला फार बोलावे लागू नये. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढ्या दोन छटांत आमच्या आदिवासी भगिनींनी लग्नाचा चौक, देव आणि झाडे उभी केली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे ह्यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या झाडांकडे नीट पाहा. एकेक पान म्हणजे बारीक काडीचा एकेक फटकारा, पण हिरवा रंग नाही म्हणून कोणाला ते झाड वाळलेले वाटले आहे काय?

घरात कुंडी ठेवून तिच्यापुढे कॅमेरा लावण्याचा जो उद्योग आम्ही करतो, त्याला आपल्याकडे मोठा पूर्वज आहे, आणि त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. त्र्यंबकेश्वरचा जन्म, जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण, मग फोटोग्राफी, पुराणवस्तू खात्यातली नोकरी, छपाईचा धंदा, असे नाना उद्योग करून झालेला हा माणूस १९१२ साली लंडनला जाऊन आला आणि विल्यम्सनचा कॅमेरा मागवून दादरच्या राहत्या घरी बसला. चित्रपट काढायचा होता, पण पैसा कोण देणार? हिंदुस्थानात हे काम होऊ शकते ह्यावर सावकाराचा विश्वास बसेना. तेव्हा फाळक्यांनी काय केले? नट आणले नाहीत, राजवाडा उभारला नाही. कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अवधीने एकेक चौकट घेत राहिले. कोंब फुटतो, वर येतो, पाने उलगडतात, वेल आधार शोधतो. जे पाहायला महिना लागतो ते पडद्यावर मिनिटाच्या आसपास दिसले. ह्या चित्राचे नाव 'अंकुराची वाढ'. ते निवडक मंडळींना दाखवले आणि त्यानंतर कर्ज मिळाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या भांडवलात सरस्वतीबाईंचे दागिनेही होते, आणि फिल्मला भोके पाडण्यापासून रसायने कालवण्यापर्यंतची कामे त्या माउलीने केली, हेही येथे सांगितले पाहिजे. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे 'हरिश्चंद्रा'पासून सुरुवात करतात. आमच्या मते ती कुंडीपासून करावी. घरातले रोप, घरातला उजेड, घरातली माणसे आणि रंगाचा पत्ता नाही. आमच्या छंदाची सगळी सामग्री तेथे हजर आहे.

परदेशातली उदाहरणेही आहेत. त्यांतली दोनच सांगतो. जर्मनीतले कार्ल ब्लॉसफेल्ट हे बर्लिनच्या कलाशाळेत शिकवीत. विद्यार्थ्यांना नमुने हवेत म्हणून त्यांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने वर्षानुवर्षे पाने, कोंब, देठ अनेक पटींनी मोठे करून टिपले. १९२८ साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. नेच्याचे वळलेले कोवळे पान त्यांच्या चित्रात एखाद्या मठाधिपतीच्या दंडासारखे दिसते. दुसऱ्या इमोजेन कनिंगहॅम. ह्या कॅलिफोर्नियातल्या बाई व्यवसायाने फोटोग्राफर होत्या. पण १९२० च्या सुमारास पदरी तीन लहान मुलगे, घराबाहेर पडायची सोय नाही. तेव्हा त्यांनी आपल्या अंगणातल्या झाडांकडे कॅमेरा वळवला, आणि आज त्यांचे नाव मुख्यतः त्याच चित्रांसाठी घेतले जाते. आमच्या मंडळातल्या दोघी गृहिणींना ब्लॉसफेल्टपेक्षा ह्या बाई जवळच्या वाटतात, ह्यात नवल नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सर्वांत आधी उजेड. आमच्या भागात समुद्र पश्चिमेला, त्यामुळे वारा खावा म्हणून पुष्कळ घरांच्या खिडक्या त्या अंगाला. एप्रिल-मेच्या दुपारी तिकडून येणारे ऊन पानाचे मातेरे करते. उजळ भाग कोरा पांढरा पडतो आणि सावली शाईसारखी होते. सकाळी त्याच खिडकीत ऊन नसते, उजेड मात्र भरपूर असतो. ती वेळ धरावी. त्याहून उत्तम म्हणजे पावसाळ्यातली ढगाळ दुपार. सगळे आकाशच मलमलीच्या पडद्यासारखे होते. कुंडी खिडकीपासून दोनेक फुटांवर ठेवावी आणि उजेड पानावर समोरून न येता बाजूने येईल अशी ती हळूहळू फिरवावी. आपण फिरू नये, कुंडी फिरवावी. एका विशिष्ट कोनाला शिरा एकदम उठून दिसतात, जणू नांगरलेल्या शेतावर मावळतीचे ऊन पडले. तो कोन सापडला की निम्मे काम झाले.

सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर पलीकडून काहीतरी पांढरे धरावे. स्टीलची परात चकाकते, तिने पानावर भलतेच कवडसे पडतात. जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू बरी. मागे काळे हवे असेल तर छत्रीचे कापड घेऊ नका, तेही चकाकते. काळी लोकरी शाल उजेड गिळून टाकते. मॉन्स्टेरा किंवा रबराचे झाड ह्यांची पाने मेणचट असतात. त्यांवरची चकाकी मारण्यासाठी भिंगापुढे लावायची खास काच मिळते, पण कॅमेरा जरा तिरका धरून पाहिला तर बहुतेक वेळा तिची गरज लागत नाही.

उजेड पानाच्या मागून घेतला तर निराळेच चित्र मिळते. लहानपणी आपण विजेरीवर पंजा धरून बोटांतले लाल रक्त पाहिलेले असते; तसे पान काचेसमोर धरले की आतले जाळे दिसते. नागवेलीच्या पानात देठापाशी फुटलेल्या शिरा कमानीसारख्या वळत टोकाकडे जातात. तुळशीच्या पानात मधली एक शीर आणि तिला दोहों बाजूंनी फाटे. हळदीच्या किंवा कर्दळीच्या पानात मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर रेघा. शाळेत वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे सगळे होते. आम्हांला ते पन्नाशीत कळले.

दुसरी गोष्ट पंख्याची. पान जवळून टिपायचे तर स्पष्टतेची खोली फार थोडी मिळते. मधली शीर स्वच्छ आणि कडा धुरकट असे होते. म्हणून पान भिंगाला समांतर ठेवावे आणि कॅमेऱ्यात सोय असेल तर छिद्र लहान करावे. छिद्र लहान केले की वेळ वाढतो, अर्धा सेकंद, कधी एक सेकंद, आणि तेवढ्यात पानाने हलता कामा नये. म्हणजे पंखा बंद. मे महिन्यात बोईसरच्या दोन खोल्यांत पंखा बंद करायला सांगणे हा कौटुंबिक सलोख्याचा प्रश्न आहे. आमच्यातले एक गृहस्थ वीज जाण्याची वाट पाहतात. वीज गेली की घरातले सारे हातपंखा शोधतात आणि हे कॅमेरा. रुळांजवळ राहणाऱ्यांनी लांब पल्ल्याची गाडी निघून जाऊ द्यावी, कारण कुंडीचे पान भिंतीच्याही आधी थरथरते. मोबाईल हातात न धरता डब्याला टेकवून ठेवावा आणि कळ दाबल्यानंतर दोन सेकंदांनी चित्र घेण्याची त्यात जी सोय असते ती वापरावी.

तिसरी गोष्ट छटेची, आणि येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. हिरवे पान हिरवा प्रकाश परत पाठवते, तांबडा आणि निळा बराचसा शोषून घेते. म्हणून कॅमेऱ्याने मुख्यतः तांबडा प्रकाश पाहिला तर पान काळपट येते, हिरवा पाहिला तर उजळ येते. पूर्वीच्या काही फिल्मना तांबडा दिसतच नसे. त्यांवर क्रोटनचे लाल पान कोळशासारखे उतरे. फिल्म वापरणारे त्यासाठी भिंगापुढे रंगीत काचा लावत आणि अजूनही लावतात. मोबाईलवाल्यांनी चित्र आधी रंगीतच घ्यावे आणि मग रंग काढताना हिरव्याची पट्टी आणि तांबड्याची पट्टी वेगवेगळी सरकवून पाहावी. एकाच क्रोटनची, एकाच क्षणी टिपलेली दोन चित्रे मिळतात. एकात लाल ठिपके पांढरे, दुसऱ्यात काळे. ह्यांतले खरे कोणते? दोन्ही खरी, दोन्ही निवडलेली. 'कॅमेरा खोटे बोलत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करावा.

आणखी एक. कॅमेऱ्यातले यंत्र समोरचे सगळे सरासरी करड्यावर आणू पाहते. काळ्या शालीपुढे गडद पान ठेवले की त्याला वाटते अंधार झाला, आणि ते सगळे फिकट करून ठेवते. म्हणून तेथे आपण हाताने उजेड कमी करावा. शोभेच्या अळूच्या पांढऱ्या डागांकडे विशेष लक्ष द्यावे. ते एकदा कोरे झाले की त्यांतल्या शिरा पुढे कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत.

आता ज्यावरून आमच्यात सर्वांत मोठे भांडण झाले त्याकडे येतो. पान टिपण्यापूर्वी पुसावे की नाही? पुस्तके सांगतात, ओल्या कापसाने पुसावे. पालघरला राहणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. पण बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या अंगाला ज्यांची खिडकी आहे ते पाळीवाले गृहस्थ म्हणाले, "पुसले तर आमच्या घरचे पान कसले? ते तुमच्या घरचे झाले." त्यांनी मनीप्लँटचे एक मोठे पान घेतले, मधल्या शिरेच्या एका बाजूचा भाग पुसला, दुसरा तसाच ठेवला, आणि बाजूच्या उजेडात चित्र घेतले. पुसलेली बाजू गडद, शिरा स्वच्छ. न पुसलेली बाजू पिठूळ करडी, शिरा बुजलेल्या. रंगीत चित्रात हा फरक आहे, पण हिरव्याखाली दबून जातो. रंग काढला की तो ओरडून सांगतो. धूळ उजेड विखुरते म्हणून पान फिकट दिसते, आणि तोच उजेड पानाला कमी पोचतो. बाहेरच्या झाडांना पाऊस धुऊन काढतो. ग्रिलच्या आतल्या कुंडीला पाऊस लागत नाही, तिची धूळ आषाढातही तशीच राहते.

मास्तरांनी तेव्हा एक आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. चित्र धूळ दाखवते, धूळ कोठून आली हे दाखवत नाही. ती धुराड्यातली असेल, रस्त्यावरच्या मालमोटारींची असेल, शेजारच्या बांधकामाची असेल. ते ठरवायला प्रयोगशाळा लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यांकन केले तेव्हा अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत तारापूर अगदी वरच्या जागी होते, ही नोंद सर्वांना खुली आहे. पण ती यादी म्हणजे आमच्या मनीप्लँटवरच्या धुळीचे पृथक्करण नव्हे. जेवढे दिसते तेवढेच म्हणावे, असे ठरले.

मात्र जे दिसते ते नीट दिसावे म्हणून आम्ही काही नेम घालून घेतले. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खिडकीत, त्याच वेळी, त्याच झाडाचे पान टिपायचे. आधी जसे आहे तसे, मग पुसून. पानाशेजारी पांढऱ्या पुठ्ठ्याची आणि करड्या पुठ्ठ्याची एकेक पट्टी ठेवायची, कारण मोबाईल आपल्या मनाने उजेड कमीजास्त करतो आणि पट्टी नसेल तर दोन महिन्यांची चित्रे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. पट्टी दोन्हींत सारखी आली तरच तुलना करायची. छापलेल्या चित्राच्या पाठीवर तारीख, गाव, खिडकीची दिशा आणि शेवटचे पुसल्याला किती दिवस झाले, हे पेन्सिलीने लिहायचे. कारखान्याचे नाव लिहायचे नाही. त्यावर पाळीवाले गृहस्थ म्हणाले, "माझी भाकरी त्याच धुराड्यातून येते, तेव्हा नाव लिहू नका, पण पानही पुसू नका." ह्या वाक्यावर त्या दिवशी पुढे कोणी बोलले नाही. चहा मात्र दोनदा झाला.

गेल्या वर्षी एका ठिकाणी प्रदर्शनासाठी आमची चित्रे मागितली. पाहून झाल्यावर निरोप आला की पुसलेल्या पानांची तेवढी द्या, ती फार सुंदर आहेत. धुळीची पाहून लोकांचा विरस होतो. आम्ही जमलो, दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. सेवानिवृत्त गृहस्थांचे म्हणणे असे की निम्मे तरी लोकांपुढे जाऊ द्यावे. मतास टाकले तेव्हा चार विरुद्ध एक असा निर्णय झाला आणि चित्रे जोडीनेच लागतील, नाहीतर लागणार नाहीत, असे आम्ही कळवले. ती लागली नाहीत. आमच्यातल्या त्या एका मताचा आम्ही आजही आदर करतो, कारण सुंदर पान दाखवणे हाही काही गुन्हा नव्हे. ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मात्र जोड्या मोडायला सांगितले नाही.

ज्यांच्याकडे कॅमेराच नाही त्यांच्यासाठी एक घरगुती प्रकार सांगून आटोपतो. हळदीचा डाग उन्हात उडतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हळद स्पिरिटमध्ये कालवून, गाळून, तो रंग जाड कागदावर अंधाऱ्या जागी फासावा. वाळल्यावर त्यावर पान ठेवून वर काच दाबावी आणि कागद काही तास उन्हात ठेवावा. उघडा भाग उडून फिका होतो, पानाखालचा पिवळा राहतो. मग तो टाकणखाराच्या पाण्यातून काढला की पिवळ्याचा तांबूस तपकिरी होतो. काळे-पांढरे नव्हे, पण गेरू आणि पिठाच्या जवळ जाणारे असे हे चित्र होते. १८३९ च्या आसपास इंग्लंडात टॅलबटसाहेबांनी रुपेरी क्षारांच्या कागदावर पाने ठेवून जे केले त्याच जातीचे हे काम. आपल्याला त्यासाठी स्वयंपाकघराच्या पलीकडे फार जावे लागत नाही. मेमधले आपले ऊन, ज्याला आपण एरवी शिव्या देतो, ते येथे कामी येते. हे चित्र उजेडात पुढेही उडत राहते, म्हणून वहीत बंद करून ठेवावे.

सभागृहाच्या मागच्या टेबलांवर चित्रांच्या अठ्ठावीस जोड्या मांडल्या आहेत. डावीकडचे जसे होते तसे, उजवीकडचे पुसलेले. पालघरची आणि बोईसरची चित्रे मुद्दाम वेगळी लावलेली नाहीत. आपण आधी समोरून पाहावे आणि मग उलटून पाठ वाचावी. पेन्सिलीचे अक्षर आहे, तेव्हा बोट फिरवू नये. काही पाठींवर खिडकीची दिशा लिहायची राहिलेली दिसेल. ती घरे सोडून माणसे दुसरीकडे राहायला गेली, कुंड्या घेऊन.